मानेतली चुंबळ

आमच्याकडे नळदुर्गात कुणाची मान धरली की आधी त्याची उशी उन्हात टाकतात. मग कोमट तेल लावून मानेवरून, खांद्यावरून लाटणं फिरवतात. तेवढ्यानं भागलं नाही तर पायाळू माणूस शोधायचा. पुरुषमंडळींची तऱ्हा वेगळी. ते कटिंगच्या दुकानात जातात. दाढी झाली, डोक्याला मालिश झालं की कारागीर एक हात हनुवटीखाली घालतो, दुसरा डोक्याच्या मागं लावतो आणि एकदा इकडं, एकदा तिकडं ‘कट्ट’ वाजवून मान मोडून देतो. काही वर्षांपूर्वी माझी मान दुखायला लागली तेव्हा हे सगळे उपाय दारात चालत आले.

माझं दुखणं मात्र एका रात्रीत धरलेल्या मानेचं नव्हतं. मी माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवते. दहावीच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे आले की पलंगावर मांडी घालून, गठ्ठा पुढ्यात घेऊन रात्री उशिरापर्यंत तपासत बसायचं, हा दरवर्षीचा क्रम. त्या हंगामात उजव्या कानामागं, कवटी संपून मान सुरू होते त्या खळगीत ठणका लागायचा. तिथून तो डोक्यावरून चढत चढत उजव्या भुवईत येऊन बसायचा. पेपर संपले तरी तो गेला नाही. डोळ्यांचा नंबर तपासून झाला. सायनस समजून वाफारे घेतले, पित्त समजून मोरावळा खाल्ला. दुखतं भुवईत आणि बिघडलंय मानेत, हे घरात कुणाच्याच ध्यानात येण्यासारखं नव्हतं.

पावसाळ्यात शाळेनं मुलांना किल्ल्यावर नेलं. किल्ला आम्हाला रोजचाच, तरी बोरी नदी भरून वाहायला लागली की मुलांना तो दाखवावाच लागतो. नदीवर बांध घालून त्या बांधाच्या पोटातच पाणीमहाल काढला आहे. दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ साली, मीर इमादीन नावाच्या स्थपतीनं तो बांधला. वरून नर आणि मादी अशा दोन धारा कोसळत असतात आणि आपण पाण्याच्या पडद्यामागं कोरडे उभे असतो. मुलं वेडी होतात. अशा ठिकाणी शिक्षकाचं काम एकच: सारखी मुलं मोजायची. मागं किती राहिली ते बघायला मी मान वळवायला गेले, तर ती खांद्यापर्यंतही जाईना. अख्खं अंग वळवून मोजावं लागत होतं. नंतर उपळी बुरुजाखाली उभं राहून मुलांना त्याची उंची दाखवायला मान वर केली, तर बुरूज आणि आभाळ दोन्ही डोलायला लागलं. मी तटाच्या भिंतीला हात टेकला. एका मुलीनं पटकन पाण्याची बाटली पुढं केली. दुखणं मी सोसत आले होते. पण पाण्याच्या काठावर, मुलं सोबत असताना तोल जाणं ही गोष्ट सोसण्यातली नव्हती.

आमच्या गल्लीत एक पायाळू आजी आहेत. जन्मताना पाय आधी आले म्हणून त्यांच्या पायात गुण आहे असं सगळे मानतात. पाठीत उसण भरली की लोक त्यांच्याकडं जातात. त्या पायाचा अंगठा पाठीवरून उतरवतात. मीही गेले. त्यांनी पाठीवर पाय फिरवला, पण मानेकडं हात दाखवल्यावर मागं सरल्या. म्हणाल्या, “पाठीचं मी बघते. मान कुणाचीच धरत नसते मी. मानेत जीव असतोय, बाई.” पुढं सोलापूरला आणि पुण्याला ज्यांनी ज्यांनी माझ्या मानेला हात लावला, त्या सगळ्यांच्या बाबतीत मला आजींचं हे वाक्य आठवत राहिलं.

सोलापूर आमच्यापासून एसटीनं तासाभराच्या वाटेवर. तिथं एक्स-रे काढला. पाचव्या आणि सहाव्या मणक्यातली जागा कमी झाली आहे, मानेची कमान सरळ झाली आहे, असं निदान आलं. गळ्याला पट्टा मिळाला, गोळ्या मिळाल्या. घरी आले तर सगळ्यांनी एकमुखानं सांगितलं, “मणक्यात गॅप आलाय.” आमच्या पेठेत अर्ध्या लोकांच्या मानेत गॅप आहे आणि ज्यानं त्यानं तो फोटो पिशवीत जपून ठेवलेला आहे. पुढं मी वाचलं की जपानमध्ये मानेची काहीही तक्रार नसलेल्या १,२११ माणसांचे एमआरआय काढून बघितले होते. २०१५ साली ते निष्कर्ष छापून आले. त्यातल्या ८७.६ टक्के लोकांच्या मानेतली चकती फुगलेली दिसली. म्हणजे चाळिशी-पन्नाशीतल्या कुणाचाही फोटो काढा, काहीतरी दिसणारच. शिवाय माझा ठणका पाचव्या-सहाव्या मणक्यापाशी नव्हताच. तो त्याच्या कितीतरी वर, कवटीला लागून होता. पट्टा काही दिवस घातला. तो घातला की मान आणखी आखडायची.

तिथं, कवटीला लागून, काय असतं ते समजायला मला आईची चुंबळ उपयोगी पडली. आई आधी नदीवरून, नंतर हापशावरून पाणी आणायची. जुनं लुगडं पिळून गोल वळलेली चुंबळ डोक्यावर, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. मानेतला पहिला मणका अगदी त्या चुंबळीसारखा आहे. बाकीच्या मणक्यांना समोरच्या बाजूनं हाडाचा जाड ठोकळा असतो; याला तो नाही. नुसतं हाडाचं कडं, आणि त्याच्या दोन्ही अंगांना वरून उथळ खोलगट जागा. कवटीच्या तळाचे दोन उंचवटे त्या जागांवर टेकतात. डॉक्टर याला ॲटलस म्हणतात. ‘हो’ म्हणताना कवटी या कड्यावर पुढंमागं डुलते. ‘नाही’ म्हणताना कवटी आणि कडं दोन्ही मिळून खालच्या, दुसऱ्या मणक्यावर फिरतात. दुसऱ्या मणक्यातून वर एक हाडाचा खुंट निघालेला असतो. तो कड्याच्या आत पुढच्या बाजूला बसतो आणि मागून एक आडवा, चिवट बंध त्याला जागच्या जागी धरून ठेवतो. त्या बंधाच्या मागून, त्याच कड्यातून मज्जारज्जू खाली उतरतो. आपली मान जेवढी वळते, त्यातली जवळजवळ निम्मी या एकाच सांध्यात वळते. उरलेली खालचे सगळे मणके मिळून वाटून घेतात.

डोक्याचं वजन साधारण साडेचार-पाच किलो. मी वर्गात उत्तोलक शिकवते तेव्हा पहिल्या प्रकाराला कात्री आणि सी-सॉ यांच्याबरोबर हेच उदाहरण देते. टेकू म्हणजे हा पहिला मणका. डोक्याचा गुरुत्वमध्य टेकूच्या थोडा पुढं, म्हणजे भार पुढं. मागून ओढून धरणारे मानेचे स्नायू, ते बल. डोकं टेकूवर नीट तोललेलं असेल तर मागच्या स्नायूंना फारसं ओढावं लागत नाही. आई हंडा घेऊन चालताना आम्हाला बजावायची, “मान ताठ, नजर समोर.” ते शंभर टक्के भौतिकशास्त्र होतं. डोकं पुढं झुकलं की भारभुजा लांबते, आणि तेच पाच किलो तोलायला स्नायूंना कितीतरी पट जोर लावावा लागतो. न्यूयॉर्कच्या केनेथ हंसराज या मणक्याच्या सर्जननं २०१४ साली संगणकावर हिशेब मांडला. मान पंधरा अंशांत वाकली तर मणक्यावर साधारण १२ किलोचा ताण येतो, साठ अंशांत वाकली तर २७ किलोचा. हा कागदावरचा हिशेब आहे, कुणाच्या मानेत काटा लावून मोजलेला नाही. पण दिशा बरोबर आहे.

इथं मला एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. मराठवाड्यातून दर वर्षी दसरा-दिवाळीच्या सुमाराला ऊसतोडीला जाणाऱ्या बायका उसाची मोळी डोक्यावर घेऊन, तिरप्या फळीवरून पाय रोवत ट्रॉलीत चढतात. वर पोचल्यावर मानेला हिसका देऊन मोळी टाकावी लागते. असं दिवसभर, आणि मध्यरात्री गाडी आली तर मध्यरात्रीही. आम्ही शिक्षक पेपर तपासून मान धरून बसतो, आमची विचारपूस होते. त्यांच्या मानेचा फोटो कोण काढतं?

पुण्याला भाचा असतो. त्याच्या ऑफिसातल्या कुणाला तरी कायरोप्रॅक्टरकडं गुण आला होता. त्यानं आग्रह धरला, मीही गेले. ही विद्या अमेरिकेतली. आयोवा राज्यातल्या डॅव्हनपोर्ट गावी डी. डी. पामर नावाच्या गृहस्थांनी १८९५ च्या सप्टेंबरात हार्वी लिलार्ड नावाच्या, ऐकू कमी येणाऱ्या एका कामगाराच्या पाठीतला मणका दाबून बसवला आणि त्याला ऐकू यायला लागलं, असा त्यांचा दावा. त्यावरून त्यांनी मांडणी केली की मणके जागचे हलतात, मज्जातंतूंवर दाब येतो आणि त्यातून आजार होतात. त्यांचा मुलगा बी. जे. पामर पुढं आणखी ठाम झाला. १९३० च्या दशकात तो म्हणायला लागला की सगळा पाठीचा कणा बघायची गरजच नाही, वरचे दोन मणके बसवले की पुरे. आज फक्त वरच्या मानेवर काम करणारे कायरोप्रॅक्टर आहेत, त्यांच्या वेगवेगळ्या शाखा आहेत, त्यांतली एक १९६६ मध्ये राल्फ ग्रेगरी यांनी सुरू केली. डोळ्यांना दिसणारही नाही इतक्या हलक्या दाबानं ॲटलस सरळ करतात, असं त्या शाखेचं म्हणणं.

पुण्यातले गृहस्थ शांत आणि व्यवस्थित होते. त्यांनी मला उताणं झोपवून दोन्ही टाचा जुळवून पाहिल्या. उजवा पाय थोडा आखूड पडतो म्हणाले. मग तोंड उघडून समोरून एक्स-रे काढायला लावला. तोंड उघडल्याशिवाय जबड्याआड लपलेले हे दोन मणके समोरून दिसत नाहीत. फोटोवर त्यांनी पट्टीनं रेघा मारल्या. खुंटाच्या दोन्ही बाजूंचं अंतर सारखं नव्हतं. “तुमचा ॲटलस उजवीकडे सरकलाय, दीडेक अंश,” ते म्हणाले. मला कुशीवर निजवलं. कानाच्या खाली, जबड्याचं हाड आणि कानामागचा उंचवटा यांच्या मधल्या खाचेत मनगटाचं हाड टेकवलं. डोक्याखालची गादी किंचित उचललेली होती. त्यांनी थोडासाच दाब दिला आणि गादी ‘खट’ करून केसभर खाली बसली. मान अजिबात पिळली नाही. मी उठले आणि मागं बघितलं. दाराशी ठेवलेल्या माझ्या चपला मला दिसल्या. अंग न वळवता मागचं काही बघून मला कितीतरी दिवस झाले होते.

तो आराम खरा होता. हे मी मुद्दाम लिहिते, कारण या उपचाराबद्दल बोलताना लोक एकतर तो चमत्कार म्हणतात, नाहीतर थोतांड म्हणतात. नळदुर्गला परत येईपर्यंत डोकं हलकं होतं. मग शाळा सुरू झाली, वह्या आल्या, आणि ठणका भुवईत परत येऊन बसला. पुण्याहून निरोप आला की मणका परत सरकला असणार, आठवड्यातून दोनदा याप्रमाणे काही महिने यावं लागेल. तीनशे किलोमीटर! पण अंतरापेक्षाही मला एक प्रश्न अडवत होता. ज्या सांध्याचं कामच मुळात उजवीकडं चाळीस, डावीकडं चाळीस अंश फिरणं आहे, जो मी स्कूटीवरून चौकात एकदा मागं बघितलं तरी तेवढा फिरतो, तो दीड अंश सरकला म्हणजे नक्की काय झालं? आणि दाबून बसवला तर पुढच्या क्षणी मी मान वळवल्यावर तो तिथंच बसून कसा राहील?

याचं उत्तर मला सोलापूरच्या एका फिजिओथेरपिस्ट मुलीकडून मिळालं. मुलगीच म्हणायला हवं, माझ्या विद्यार्थिनींच्या वयाची. तिनं हात लावायच्या आधी विचारायला सुरुवात केली. बोलताना जीभ जड होते का? एकाची दोन दिसतात का? गिळताना ठसका? चेहऱ्याला किंवा जिभेला मुंग्या? चालताना अचानक कोसळलात का? हाताची पकड सैल झाली आहे का? आमवात? गाडीवरून पडणं? पूर्वी कधीच न झालेली अशी वेगळीच, जोराची डोकेदुखी आहे का? रक्तदाब मोजला. इतक्या ठिकाणी गेले, पण हे प्रश्न मला आधी कुणीच विचारले नव्हते.

का विचारतेस म्हटल्यावर तिनं प्लास्टिकचा मणका हातात दिला. मानेच्या मणक्यांना दोन्ही बाजूंना भोकं असतात. मेंदूच्या मागच्या भागाला रक्त नेणाऱ्या दोन धमन्या सहाव्या मणक्यापासून या भोकांतून एकेक करत वर चढतात. पहिल्या मणक्यातून बाहेर आल्यावर त्या एकदम मागं वळतात, कड्याच्या पाठीवरून आडव्या जातात आणि मग कवटीत शिरतात. मान सगळ्यात जास्त जिथं फिरते, नेमका तिथंच धमनीला हा वळसा आहे. जोराच्या हिसक्यानं धमनीचं आतलं अस्तर फाटू शकतं, तिथं रक्ताची गुठळी होऊन पक्षाघात होऊ शकतो. असं क्वचित होतं. काही वेळा तर धमनी आधीच फाटलेली असते, त्याचंच मान-डोकं दुखत असतं, आणि माणूस ते दुखणं घेऊन मान मोडून घ्यायला जातो. म्हणून आधी प्रश्न. अमेरिकेतल्या मायकेल वाइनट्रॉब यांनी १९९३ मध्ये पाच बायकांच्या केसेस छापल्या होत्या. पार्लरमध्ये केस धुताना बेसिनवर मान मागं टाकून बसल्यामुळं त्यांच्या मेंदूचा रक्तपुरवठा बिघडला होता. तिथं तर कुणी हिसकाही दिला नव्हता.

मग तिनं मला उताणं निजवलं, डोकं दोन्ही हातांत घेतलं आणि हनुवटी छातीला टेकेपर्यंत मान वाकवली. “आता खालच्या मणक्यांना फिरायला जागा उरली नाही, मॅडम. आता जे फिरेल ते फक्त पहिल्या-दुसऱ्यात.” तशीच वाकवलेली मान तिनं डावीकडं वळवली. ती चाळीस अंशांच्या पुढं गेली. उजवीकडं वळवली, तर निम्म्यावरच अडकली आणि भुवईत तोच ठणका उठला. “हाच का?” हाच. इतके दिवस डोळ्यावर, सायनसवर, पित्तावर ढकललेला ठणका तिनं मानेतल्या एका सांध्यातून हाताला धरून बाहेर काढला. मला रडू आलं. आपलं दुखणं खरं आहे आणि ते कुठं आहे, हे कळण्यानंच निम्मा भार उतरतो.

मान दुखते आणि कळ भुवईत का येते, याचंही कारण तिनं सांगितलं. मानेतले वरचे तीन मज्जातंतू आणि चेहऱ्याची संवेदना नेणारा मोठा मज्जातंतू, या दोन्हींचे निरोप मज्जारज्जूच्या वरच्या टोकाला एकाच ठिकाणी पोचतात. तिथं मेंदूची गल्लत होते; मानेतून आलेला निरोप तो कपाळाचा समजतो. आणि चक्कर? कवटीच्या तळाशी बोटाएवढे चार छोटे स्नायू दोन्ही बाजूंना आहेत. ताण ओळखणारे तंतू त्यांच्यात फार दाट असतात. डोकं कुठं आहे, किती वळलं आहे, हे ते सतत मेंदूला कळवतात. ते आखडले की कानातून, डोळ्यांतून येणारी माहिती आणि मानेतून येणारी माहिती जुळत नाही. उपळी बुरुजाखाली माझं तेच झालं होतं. पेपर तपासताना माझी मान खालून पुढं वाकायची, पण चष्म्यातून नीट दिसावं म्हणून हनुवटी वर यायची, आणि हे छोटे स्नायू तासन् तास आखडून राहायचे.

पुण्याचा फोटो तिनं दिव्यासमोर धरला. फोटो काढताना डोकं जरासं वळलेलं असलं तरी खुंटाच्या दोन्ही बाजूंचं अंतर असमान दिसतं, आणि काही तक्रार नसलेल्या माणसांतही ते असमान असतं. माझा सांधा जागेवरून सुटलेला नव्हता. तो आखडला होता. पुण्याच्या दाबानं तो थोडा हलला, भोवतीचे स्नायू सैल पडले, दुखण्याचा निरोप काही काळ मंदावला. ‘कट्ट’ आवाजाचंही तसंच. सांध्यातल्या द्रवात पटकन पोकळी तयार होण्याचा तो आवाज आहे. कॅनडात २०१५ मध्ये बोटं मोडताना एमआरआय काढून हे बघितलं गेलं. आवाज आला म्हणजे हाड जागेवर बसलं, असं नाही.

मला यात कुणाला खोटं ठरवायचं नाही. ऑस्ट्रेलियात ग्वेन्डोलेन ज्युल यांनी मानेतून उठणाऱ्या डोकेदुखीच्या २०० लोकांवर केलेला अभ्यास २००२ साली आला. हातानं सांधे मोकळे करणं आणि मानेचे खोलवरचे स्नायू बळकट करणं, दोन्हींनी डोकेदुखी कमी झाली आणि वर्षभरानंतरही गुण टिकलेला होता. म्हणजे हाताला गुण आहे. मणका सरकण्याची गोष्ट काढून टाकली तरी तो गुण उरतोच. पण ती गोष्ट माणसाला आयुष्यभर टेबलावर परत परत निजायला लावते, आणि त्या गोष्टीच्या जोरावर मग रक्तदाबही उतरेल असं सांगितलं जातं. शिकागोत ॲटलस बसवून रक्तदाब उतरल्याचा एक अभ्यास २००७ मध्ये छापून आला खरा, पण त्यात माणसं होती ५०. पुण्याहून आल्यावर आमच्या यांनी रक्तदाबाची गोळी बंद करू का असं विचारलं, तेव्हा मी सरळ नाही म्हणून सांगितलं.

खरोखर सरकलेला ॲटलस मी पाहिला आहे. उमरग्याच्या माझ्या मावशीला कितीतरी वर्षांपासून आमवात. आधी तिला ब्लाउजचे हुक लावता येईनात. मग पाय जड पडायला लागले, मान खाली घातली की पाठीतून करंट उतरायचा. मान वाकवून काढलेल्या एक्स-रेत कड्याची पुढची कमान आणि खुंट यांच्यातलं अंतर वाढलेलं दिसलं. मोठ्या माणसात ते तीन मिलिमीटरच्या वर जाऊ नये. आमवातानं तो आडवा बंध खाल्ला होता, खुंट मोकळा झाला होता आणि मान वाकली की दर वेळी मज्जारज्जूला टेकत होता. अशा मानेला कुणी हिसका दिला असता तर काय झालं असतं, याचा विचारही करवत नाही. तिला मुंबईला नेलं. पहिल्या मणक्याच्या दोन्ही बाजूंच्या जाड भागात आणि दुसऱ्या मणक्यात स्क्रू घालून दोन्ही एकत्र जखडले. ही पद्धत आपल्याच मुंबईत, परळच्या केईएम रुग्णालयात डॉ. अतुल गोयल यांनी बसवली. १९९४ साली ती त्यांनी छापून जगापुढं ठेवली. पुढं जर्मनीच्या युर्गन हार्म्स यांनी तीत फेरबदल केले आणि आता दोघांच्या नावानं ती जगभर वापरली जाते. मावशीची मान त्यानंतर निम्मीच वळते, जो सांधा निम्मं काम करायचा तोच जखडलाय म्हटल्यावर ते होणारच. पण ती हुक स्वतः लावते, भाकरी थापते.

माझ्यासाठी त्या फिजिओथेरपिस्ट मुलीनं दिलेला उपाय साधा होता. पंच्याची कड घ्यायची. ती कानाच्या मागून, कवटीच्या लगेच खाली, पहिल्या मणक्यावर नेमकी बसवायची. मानेच्या बाजूनं ती पुढं, तोंडाच्या दिशेनं आडवी ओढायची आणि ओढ कायम ठेवून मान दुखऱ्या बाजूला वळवायची. दुखता कामा नये. दुखलं तर कड चुकीच्या जागी आहे. शेवटाला दोन-तीन सेकंद थांबायचं आणि परत. सकाळी दोनदा, रात्री दोनदा, बास. पहिले काही दिवस कड हमखास घसरून खाली यायची, ती बसवायलाच वेळ लागायचा. एकदा का ती अचूक बसली की मान मऊपणे वळते, आणि त्या वळण्यात अडथळा नसतो हे हाताला कळतं. दुसरा व्यायाम उताणं झोपून, डोक्याखाली घडी केलेला टॉवेल घेऊन: डोकं न उचलता फक्त बारीकसं ‘हो’ म्हणायचं आणि तिथं धरून ठेवायचं. दिसायला काहीच नाही, पण मानेच्या समोरचे, आतले स्नायू पाचव्या-सहाव्या वेळेला थरथरायला लागतात.

आणि तिसरी गोष्ट पेठेतल्या एका जुन्या अडत दुकानातून मिळाली. माळ्यावर मुनीमजींचा उतरता डेस्क पडून होता, ज्यावर पूर्वी खतावणी लिहायचे. शेठजींनी पुसून दिला. उत्तरपत्रिका आता त्यावर असतात, पलंगावर नाही. कागद वर आला की डोकं खाली जायचं कारण उरत नाही.

मान पूर्वीसारखी झाली का? उजवी बाजू डावीइतकी अजून वळत नाही. मार्च-एप्रिलमध्ये ठणका डोकावून जातो. पण स्कूटीवरून मागचा ट्रक दिसतो, आणि किल्ल्यावर मुलं मोजता येतात.

एवढं कळल्यावर आमचे हे ज्या कटिंगच्या दुकानात जातात, त्याबाबत मला गप्प बसवेना. दुपारी दुकान मोकळं असताना मी शाळेतला मणक्यांचा तक्ता घेऊन गेले. कारागीर माझा जुना विद्यार्थी. त्याला धमनीचा तो वळसा बोटानं दाखवला. तो बराच वेळ तक्त्याकडं बघत राहिला. म्हणाला, “मॅडम, मी नाही म्हटलं तर गिऱ्हाईक म्हणतंय, मालिश अर्धवट केली. कुणी कुणी तर स्वतःच डोकं हातात देतंय, मोड म्हणून.” मी म्हटलं, तेल चोळ, खांदे दाब, कवटीच्या खालचे ते छोटे स्नायू अंगठ्यानं हळू सैल कर, त्यानंच त्यांना बरं वाटतं. हिसका तेवढा देऊ नकोस. आणि कुणी म्हणालं की आजच डोकं मागून कधी नव्हे इतकं दुखतंय, तर त्याला हातच लावू नको, दवाखान्यात पाठव. त्यानं तक्ता ठेवून घेतला. आरशाशेजारी लावलाय. परवा हे कटिंग करून आले तेव्हा म्हणाले, आता तो मालिश जास्त वेळ करतो, आणि ‘कट्ट’ मागणाऱ्याला आधी तक्ता दाखवतो. काही जण ऐकतात, काही जण उठून पुढच्या दुकानात जातात. पुढच्या दुकानात मी अजून गेलेले नाही. दिवाळीची सुट्टी लागली की जाणार आहे.